एकतीस नावं, सव्वीस गाद्या

परिषदेच्या फलकावर माझं नाव नाही.
मी गाद्यांची.
एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तार्तू शहरात
जगभरातून माणसं येतात, मातीतल्या बुरशीवर बोलायला.
प्राध्यापक नदीकाठच्या हॉटेलात उतरतात
आणि विद्यार्थी
माझ्या तक्त्यात.

एकतीस नावं, सव्वीस गाद्या.
त्यातली एक गादी म्हणजे खरं तर सोफा,
एक हवा भरायची. ती पहाटे चारला दम सोडते
आणि झोपलेल्याला जमिनीवर ठेवते, अगदी अलगद.

मी फोन करत सुटते.
मार्गुस म्हणतो, पलंग आहे, पण तो मांजराचा.
पुलापलीकडचं जोडपं म्हणतं, मुलगीच पाठव.
कुणी म्हणतं, मागच्या वर्षीच्यानं टॉवेल नेला.
मी टॉवेलची माफी मागते.
न पाहिलेल्या टॉवेलची, न पाहिलेल्या माणसाच्या वतीनं.

लिलाँग्वेहून पत्र आलं, तीन ओळींचं.
म्फात्सो न्यिरेंडा.
माझं पोस्टर गुरुवारी सकाळी आठ चाळीसला आहे.
तुमच्या हॉटेलातल्या तीन रात्री म्हणजे माझी पाच महिन्यांची शिष्यवृत्ती.
आडवं होण्यापुरती जमीन कुठे मिळेल का?

जमीन.
मातीचा अभ्यास करणारा हा,
हे लिहिताना त्याला हसू आलं असेल?
मला आलं.
मग मी त्या शब्दावर बोट ठेवून बसले,
कॉफी निवून गेली.

हेल्गीनं चाळीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं.
म्हणाली, खोली नाही, सॉना आहे.
फळी रुंद आहे, माझा भाऊ मावायचा तिच्यावर, आणि तो काही लहान नव्हता.
शनिवारी मात्र तापवते मी. शनिवारी घरात यायचं.
भाडं किती, मी विचारलं.
लाकडं फोड म्हणावं.
नाहीतर राहू दे,
विद्यापीठातली पोरं कुऱ्हाड पायावरच मारून घेतात.

तो रात्री साडेअकराच्या बसनं आला.
दारात बूट काढताना तीनदा विचारलं, इथेच ना?
पोस्टर कापडावर छापलेलं होतं,
विमानात नळकांड्याचे वेगळे पैसे पडतात म्हणून,
शर्टासारखी घडी घालून पिशवीत.
रात्री बाहेर बर्फाचा भुगा पडत राहिला.
दोन घोंगड्या पुरेनात तेव्हा
त्यानं स्वतःचं संशोधन अंगावर ओढलं.

गुरुवारी दालनात सगळे आलेख गुळगुळीत,
ताणलेले, चकचकीत.
त्याचा मात्र चुरगळलेला.
एक प्राध्यापक वाकून म्हणाले,
तिसऱ्या वर्षी ही घसरण कसली?
ती माझ्या गुडघ्याची, तो म्हणाला.

दहाच्या सुमारास हेल्गी आली,
पिशवीत इस्त्री घेऊन. उशीर झाला होता.
तशीच उभी राहिली पोस्टरसमोर.
इंग्रजी तिला येत नाही.
पाकिटावरचा पत्ता वाचावा तसं तिनं वाचलं,
वरून खाली, बोट फिरवत,
आणि एका बाणापाशी थांबली.
हे कुठे जातं?
मी मध्ये दुभाषी.
बुरशीचा धागा, तो म्हणाला, मातीतलं स्फुरद उचलतो,
मक्याच्या मुळापर्यंत नेतो.
पोचतं?
कधी कधी. पाऊस वेळेवर झाला तर.
हेल्गीनं मान हलवली.
ही अडचण तिला नवी नव्हती.

समारोपात आभार मानले गेले:
हॉटेलचे, बँकेचे, महापौरांचे,
पाण्याच्या बाटल्या देणाऱ्या कंपनीचे.
मी मागे उभी, अंगात चार दिवसांचा तोच कोट.
माझ्या पलंगावर कोचाबांबाच्या दोघी होत्या,
मी सामानाच्या खोलीत, उरलेल्या बिल्ल्यांच्या खोक्याला टेकून.
उरलेल्या चौघांचं काय झालं
ते मी कुठेच लिहिलेलं नाही.
एक जण रात्रभर स्टेशनावर बसला होता, एवढं कळलं.
त्याचं भाषण चांगलं झालं म्हणतात.

घरी येऊन पुढच्या वर्षीचा तक्ता उघडला.
पहिली ओळ:
हेल्गी. सॉना. शनिवार सोडून.
शेरा: टॉवेल स्वतःचा आणणे.